पोरांच्या ताटात तोंड घालू नका: जेवणाच्या या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीत घरातच पाळणाघर चालवते मी, बारा वर्षं झाली, रोज दुपारी 14-15 पोरं पंगतीला असतात. संध्याकाळी न्यायला आलेली आई चप्पल काढायच्या आधी विचारते, "जेवला काय? किती खाल्ला?" काय खेळला, पडला का, ते सगळं नंतर. आणि पोरगं तिथंच कान टवकारून उभं असतं. त्याच त्या चुका बघून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकते. यातल्या निम्म्या मी स्वतः केल्यात हे आधीच सांगते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे पोरांच्या अंगावरून बोलणं, तेही ताटावर बसलेलं असताना आणि चारचौघांत. आपल्या कोल्हापुरात तोंडाला लगाम नाही याचं आपल्यालाच कौतुक. बारीक असलं की काडी पैलवान, भरलेलं असलं की भोपळा, आणि वर "गंमत केली की, एवढं काय".

माझी लेक दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. पाहुण्यांच्यात बारशाला गेलेलो, तिनं तिसरी जिलेबी उचलली आणि मी सगळ्यांसमोर तिच्या हातातनं काढून घेतली, "पुरे आता, फ्रॉक बसंना झालाय" असं म्हणून. बायका हसल्या, तीपण हसली, मला वाटलं विषय संपला. दिवाळी झाल्यावर एक दिवस बघते तर भिंतीवरनं मुंग्यांची रांग थेट तिच्या उशीत. अभ्रा उलटा केला तर आत बेसनाचे दीड लाडू, चुरा झालेले, आणि चकलीचे तुकडे, वहीच्या कागदात बांधलेले. विचारलं तर खाली बघत म्हणाली, "मी डब्याकडं गेलोच नाही." मी ओरडणारच होते, पण ती पुडी बघितली आणि गप्प बसले. किराणा दुकानात बांधतात तशी, कोपरे आत मुडपून, इतकी नीट बांधलेली. म्हणजे हे पहिल्यांदा केलेलं नव्हतं.

मग लाडवाचा डबा वरच्या फळीवरनं खाली आणला. दुपारच्या जेवणात भाजी-चपातीच्या शेजारीच एक लाडू वाढायचा, पहिला तोच खाल्ला तरी खाल्ला, मी काही बोलायचं नाही. आणि आठवड्यातनं एकदा मधल्या वेळेला डबाच पुढ्यात ठेवायचा, पाहिजे तेवढे घे. पहिल्या वेळी तिनं पाच खाल्ले, सासूबाई माझ्याकडं अशा बघायला लागल्या की विचारू नका. दीडेक महिन्यानं एकदा अर्धा लाडू ताटात ठेवून खेळायला पळाली. लपवणं पूर्ण थांबायला मात्र चार महिने गेले. लोकांना सगळं आठ दिवसांत पाहिजे असतं, तीन दिवस डबा खाली ठेवतात आणि चौथ्या दिवशी "तुमचं हे काय चालत नाही बघा" म्हणून मला ऐकवतात. अमेरिकेत 1999 साली फिशर आणि बर्च या दोघींनी लहान पोरांवर प्रयोग करून बघितला होता, ज्या खाण्याला मनाई केली त्याच्याबद्दलच पोरं जास्त बोलायला आणि तेच मागायला लागली. मला हे मुंग्यांनी शिकवलं.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे दूध. गंगावेशीत म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध पिणारं गाव आपलं, तालमीत घाम गाळणाऱ्या पैलवानाला ते पचतं आणि शोभतं पण. तीन वर्षांच्या पोराचं काय? माझ्याकडं एक पोरगं यायचं, डब्याला हात लावायचं नाही. आई रोज त्याच्यासमोरच सांगायची, "हा काही खातच नाही, म्हणून निदान दूध तरी." बाटलीनं दिवसाला लिटरभर! मग भूक लागणार कुठनं? चेहरा पांढराफटक, खेळता खेळता मधेच बसून राहायचं. मी मागं लागून डॉक्टरांकडं पाठवलं तर हिमोग्लोबिन 8. दुधात लोह नसल्यातच जमा, आणि पोट दुधानंच भरलं की डाळ, पालेभाजी, अंडं जाणार कुठं. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं, बाटली बंद करायला लावली, दूध दोन कपांवर आणलं, म्हणजे 400-500 मिलीच्या आत. माझ्याकडं आम्ही "खात नाही" हे वाक्य बंद केलं. महिनाभरात आमटीत भाकरी कुस्करून दिली की खायला लागलं, हातानं, शर्टभर सांडून.

बरं, भूक कमी झाली म्हणून घाबरायचं पण एक खूळ असतं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट होतं, 3 किलोचं 9 किलो, आणि दोन ते पाच वर्षांत वर्षाला जेमतेम 2 किलो वाढतं, तर घास कमी होणारच की. शेजारणीचा पोरगा बघू नका, अंगणवाडीच्या कार्डावरची आपल्या पोराची रेघ बघा. ती खाली यायला लागली, गिळताना सारखा ठसका लागत असला, किंवा आधी खायचं ते एकेक पदार्थ सोडत चाललं असलं, तर डॉक्टर गाठा, माझं लिखाण वाचत बसू नका.

"भाजी संपव मग आईस्क्रीम देतो" हेही बंद करा, त्यानं भाजी ही शिक्षा आहे हे तुम्हीच पोराला शिकवता.

मोबाईल लावून भरवणं, यावर बोलायचं सोडून दिलंय मी.

अन्न टाकायचं नाही हे मलाही पटतं, पण मग वाढतानाच हात आखडा. मी दोन चमचे भात वाढते, परत मागितला की परत. मोठ्यांच्या मापानं ढीग लावायचा आणि "संपव" म्हणून डोक्यावर बसायचं, यात पोराचा काय दोष?

नवीन भाजी दोनदा दिली, थुंकली, म्हणून यादीतनं काढून टाकतात. दहा-पंधरा वेळा ताटात यावी लागते हो, नुसती. आग्रह न करता.

आणि ते "कोल्हापूरचा ना रे तू, तिखट लागतंय म्हणे!" पांढऱ्या रश्श्यानं सुरुवात करा, मटणाचा पीस पाण्यात धुऊन द्या, हसू नका. माझ्या लेकीनं तांबडा रस्सा पाचवीत तोंडाला लावला.

एलिन सॅटर म्हणून एक आहारतज्ज्ञ आहेत, त्यांचं एवढंच म्हणणं की काय, कधी आणि कुठं खायचं ते मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं आणि खायचं का नाही ते पोरानं. ऐकायला सोपं आहे. पंगतीत गप्प बसून बघा म्हणजे कळेल, मला अजून जमत नाही.

लेक आता नववीत आहे, डबा अजून खालच्याच फळीवर असतो. परवा रात्री अकराला मी अंधारात ओट्यापाशी उभी राहून लाडू खात होते, लाईट न लावता, दुपारीच सगळ्यांना "मी गोड सोडलंय" म्हणून सांगितलेलं. ती पाणी प्यायला आली, लाईट लावली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आई, बसून खा की."