भारित क्रमचय तयार करताना: नवागतांसाठी काही अनुभव

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यादी पिसण्याची फिशर-येट्स पद्धत लवकर शिकवली जाते आणि तिने प्रत्येक क्रमचय (म्हणजे सर्व घटकांचा एक क्रम) सारख्याच संभाव्यतेने मिळतो. कामावर मात्र अनेकदा क्रम यादृच्छिक हवा असतो आणि तरीही काही घटकांना झुकते माप द्यायचे असते. अशा वेळी कोड लिहिण्यापूर्वी ‘भार’ म्हणजे नेमके काय, हे मागणी करणाऱ्याकडून वदवून घ्यावे, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो.

बहुतेकांच्या मनात असते ते प्लॅकेट-ल्यूस प्रतिमान: पहिले स्थान भाराच्या प्रमाणात द्यायचे, निवडलेला घटक बाजूला काढायचा आणि उरलेल्यांत तेच पुन्हा करायचे. अ, ब, क यांचे भार ३, २, १ असतील, तर अबक या क्रमाची संभाव्यता ३/६ × २/३, म्हणजे १/३ येते आणि कबअ या क्रमाची १/६ × २/५, म्हणजे १/१५. सहाही क्रमांचे असे अपूर्णांक आधी हाताने काढून ठेवावेत. ६०,००० वेळा प्रोग्रॅम चालवला की अबक सुमारे २०,००० वेळा आणि कबअ सुमारे ४,००० वेळा दिसला पाहिजे.

ही पडताळणी टाळणारे नवखे लोक हमखास एक सोपी वाट धरतात: ० ते १ मधली यादृच्छिक संख्या भाराने गुणायची आणि उतरत्या क्रमाने लावायचे. दिसायला हे बिनचूक वाटते, पण वरच्याच उदाहरणात क पहिला येण्याची संभाव्यता १/६ ऐवजी १/१८ होते आणि अ ची १/२ वरून २३/३६ वर जाते. योग्य युक्तीही तितकीच छोटी आहे: यादृच्छिक संख्येच्या नैसर्गिक लॉगरिदमचे चिन्ह बदलून त्याला भाराने भागावे आणि चढत्या क्रमाने लावावे. पायथॉनचे रँडम फंक्शन ० देऊ शकते, १ कधीच देत नाही. म्हणून लॉगरिदम १ वजा त्या संख्येचा घ्यावा.

एखादा मूळ क्रम ठरलेला असून त्यात थोडीच उलथापालथ हवी असेल, तर घटकांना भार देण्यात अर्थ नाही. तिथे १९५७ मध्ये मांडलेले मॅलोज प्रतिमान वापरावे, ज्यात मूळ क्रमाच्या तुलनेत उलटलेल्या प्रत्येक जोडीमागे संभाव्यता क्यू पट होते (क्यू ही आपण ठरवलेली, ० पेक्षा मोठी आणि १ पर्यंतची संख्या). घटक मूळ क्रमाने एकेक घ्यावेत आणि नव्या घटकाने आधीच्या के घटकांपुढे जाण्याची संभाव्यता क्यूच्या के घाताच्या प्रमाणात ठेवावी. क्यू १ ठेवला की सर्व क्रम समसंभाव्य होतात, म्हणून माझी पहिली चाचणी तीच असते.