डिसेंबरच्या कराओकेला जाण्याआधी

जपानमधल्या ऑफिसांत डिसेंबर उजाडला की बोनेनकाईची, म्हणजे वर्षाला निरोप देणारी जेवणं सुरू होतात, आणि जेवण उरकलं की मंडळी कराओकेकडे वळतात. नाताळच्या आसपास तिथे जी गाणी लागतात, त्यातली बरीचशी १९८० ते १९९२ या काळातली असतात. आज पन्नाशी-साठीत असलेले सहकारी तेव्हा कॉलेजात किंवा पहिल्या नोकरीत होते. ही त्यांच्या तरुणपणाची गाणी आहेत. तिथे नोकरी करणाऱ्या मराठी माणसाने, विशेषतः स्वतःही त्याच वयाच्या, ती नीट तयार करूनच जावं असं मला मनापासून वाटतं.

आधी तारीख ठरवा. २५ डिसेंबरला जपानमध्ये सुट्टी नसते आणि २४ ची संध्याकाळ जोडप्यांची मानली जाते, त्यामुळे ऑफिसच्या मंडळींसाठी त्याआधीचा आठवडा बरा. २५ तारीख सरली की दुकानांतली नाताळची सजावट उतरते, दारांत नववर्षाचे कादोमात्सु, म्हणजे बांबू-पाइनची सजावट, उभे राहतात, आणि मग ही गाणी एकदम शिळी वाटतात. तिथे गटासाठी वेगळी खोली भाड्याने घ्यावी लागते, आणि शुक्रवारच्या खोल्या लवकर भरतात, म्हणून आधीच फोन करा. त्याच फोनवर विचारून घ्या की कराओकेचं यंत्र डॅमचं आहे की जॉयसाउंडचं; यंत्रांची ही दोन नावं तिथे प्रमुख आहेत. ज्यावर सराव केला तेच मिळालं तर गाणं शोधण्यात वेळ जात नाही. बाहेरचं खाणं चालतं का, हेही विचारा. नाताळला केएफसीचं चिकन खायची पद्धत १९७४ पासूनच्या त्यांच्या जाहिरातींनी देशभर रुजवली. चिकनचं आगाऊ बुकिंग करावं लागतं, आणि ते दारातच अडवलं गेलं तर हिरमोड होतो. स्ट्रॉबेरीचा केक मात्र कोणीतरी आणतंच.

आता गाणी. चार पक्की बसवा, चाळीस अर्धवट नकोत. पहिलं युमी मात्सुतोयांचं ‘कोइबितो गा सांताकुरोसु’. हे १९८० चं. १९८७ च्या एका स्कीइंगवरच्या सिनेमाने ते पुन्हा घरोघर नेलं. चाल धावती आहे, टाळ्या आपोआप पडतात, म्हणून बैठकीची सुरुवात याने करावी. दुसरं जुन्इची इनागाकींचं ‘कुरिसुमासु कॅरोरु नो कोरो नि वा’, १९९२ चं. तिसरं मिदोरी काराशिमांचं ‘साइरेंतो इवु’, १९९० चं, एका टीव्ही मालिकेचं शीर्षकगीत. हे विरहाचं, अगदी हळू गाणं आहे. आवाज चढवायचा मोह टाळता येणार असेल तरच घ्या. बीज् या बँडचं ‘इत्सुका नो मेरी कुरिसुमासु’ पुरुषांना फार आवडतं, पण ते खाली सुरू होऊन पुढे असं चढतं की बेसावध गळा तिथेच फाटतो.

चौथं तात्सुरो यामाशितांचं ‘कुरिसुमासु इबु’. याला सगळ्यांत जास्त वेळ द्या. गाणं १९८३ चं, पण १९८८ पासून जेआर तोकाई या रेल्वे कंपनीच्या शिनकानसेनच्या (बुलेट ट्रेनच्या) जाहिरातींत वाजू लागलं आणि १९८९ च्या डिसेंबरात ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या रेकॉर्डविक्रीच्या यादीत पहिलं आलं. जाहिरातीत स्टेशनवर भेटीसाठी धावणारी मुलगी दिसते. गाण्यातला माणूस मात्र पाऊस रात्री उशिरा बर्फ होईल म्हणतो आणि ती येणार नाही हे जाणून असतो. माझ्या मते हे गाणं हसतखेळत गाऊ नये. मधल्या तुकड्यात पाखेलबेल या जुन्या जर्मन संगीतकाराचा कॅनन (एकामागून एक तीच सुरावट येणारी रचना) येतो. त्यातले सगळे आवाज यामाशितांनी एकट्याने, थरावर थर चढवून रेकॉर्ड केले आहेत. तेव्हा शब्द नाहीत म्हणून कोणी गप्पा सुरू करतं, कोणी पुढचं गाणं शोधू लागतं. तसं होऊ देऊ नका. दोघा-तिघांशी आधी बोलून त्यातली एकेक सुरावट वाटून घ्या. जमली तर अख्खी खोली त्यात सामील होते.

पट्टी घरीच ठरवा. पेटीवर आपला सर्वांत वरचा, न ओरडता लागणारा सूर शोधा, मग मूळ गाण्यातला सर्वांत वरचा सूर शोधा, आणि जितकं अंतर निघेल तितक्या पायऱ्या रिमोटवर खाली उतरा. विशीतल्या गळ्याची पट्टी पन्नाशीत लागत नाही, आणि पट्टी उतरवण्यात कसलाही कमीपणा नाही. त्या खोलीतले जपानी सहकारीही तेच करत असतात. आकडा गाण्याच्या नावासमोर फोनमध्ये लिहून ठेवा. ऐनवेळी आठवत नाही.

उच्चारांत मराठी माणसाला एक आयती सोय आहे. जपानी ‘त्सु’ बऱ्याच परदेशी लोकांना जड जातो. आपल्याला ‘चमचा’तला च येतो, तेव्हा तो सहज बसतो. पण क्रिसमस इंग्रजीसारखा म्हणाल तर ताल चुकेल: कु-रि-सु-मा-सु असे पाच ठोके आहेत आणि प्रत्येकाला जागा द्यावी लागते. सुटा ‘न्’ सुद्धा स्वतःचा ठोका घेतो. यामाशितांनी ‘सायलेंट नाइट’ इंग्रजीतच गायलंय, तिथे तसंच गा. पडद्यावर कांजी या चित्रलिपीच्या अक्षरांच्या डोक्यावर त्यांचे उच्चार काना या सोप्या लिपीत येतात, तरी शब्द पाठच हवेत. वाचत गायलं की भाव निसटतो.

गळ्याचं थोडक्यात: डिसेंबरात हीटरने खोलीतली हवा कोरडी पडते, म्हणून साधं पाणी जवळ ठेवा, बर्फाचं पेय गाऊन झाल्यावर. चढी गाणी मध्यावर घ्या, गळा तापलेला पण थकलेला नसताना.

गुण मोजणारी सोय बंद करून टाका. ‘साइरेंतो इवु’ संपल्या क्षणी पडद्यावर ८३ आकडा झळकला की सगळ्यांचा मूड जातो. सगळ्यांत वयाने मोठ्या सहकाऱ्याला त्यांचं गाणं आधीच विचारून ठेवा आणि ते स्वतः घेऊ नका. ते गातील तेव्हा दुसरा माइक फक्त त्यांनी दिला तरच हातात घ्या.

वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी भिंतीवरचा फोन वाजतो. वाढवायची नाही असं सांगा, कारण शेवटची लोकल गाठायची असते, आणि तेव्हाच ‘कुरिसुमासु इबु’ लावा. ते साधारण सव्वाचार मिनिटांचं आहे. कोट चढवून, बिलाचे पैसे गोळा करून काउंटरवर जायला तेवढा वेळ उरतो.