‘पर्यंत’, ‘शेवटी’ आणि ‘आत्ता’: इंग्रजी मेल लिहू लागलेल्यांसाठी

चाकणला डिस्पॅचमध्ये लागलो आणि दुसऱ्याच आठवड्यात एका कस्टमरला मेल केला: ‘आय विल बी इन द प्लांट बाय फाइव्ह.’ मला म्हणायचं होतं, मी पाचपर्यंत इथंच आहे, तोवर या. त्यांनी वाचलं, हा पाचपर्यंत प्लांटमध्ये पोहोचतोय. ते साडेपाचला आले. मी निघून गेलो होतो, माल दाखवायला कुणी नव्हतं, आणि भरायला आलेली गाडी रात्रभर गेटवर उभी राहिली. त्या मेलमध्ये स्पेलिंगची एकही चूक नव्हती.

आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. माझी बॅच त्याआधीची, आमची एबीसीडी पाचवीत. पण आज जॉइन होणाऱ्या, पहिलीपासून इंग्रजी शिकलेल्या मुलांच्या मेलमध्येही मला नेमक्या याच जागा अडलेल्या दिसतात. आपल्या एका मराठी शब्दाला इंग्रजीत दोन-तीन वाटा फुटतात आणि त्या कुठे फुटतात हे कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून हे लिहितोय.

आधी ‘पर्यंत’ पक्का करा. काम त्या वेळेपर्यंत चालू राहणार, की त्या वेळेच्या आत एकदाच उरकणार? ‘स्टोअर नऊपर्यंत उघडं असतं’ यात उघडं असणं चालू आहे, म्हणून ‘टिल नाइन’. ‘इन्व्हॉइस शुक्रवारपर्यंत पाठवतो’ यात पाठवणं एकदाच होणार, म्हणून ‘बाय फ्रायडे’. इन्व्हॉइसला ‘टिल’ लावलंत तर शुक्रवार येईस्तोवर पाठवतच राहणार असा अर्थ होतो.

‘पासून’चंही तसंच. मोजलेला काळ असेल तर ‘फॉर’: मशीन दोन दिवसांपासून बंद आहे, ‘फॉर टू डेज’. सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’: सोमवारपासून बंद आहे, ‘सिन्स मंडे’. दोन्हीकडे आधी ‘हॅज बीन’ येतं. नवीन रेट येत्या सोमवारपासून लागू होणार असेल तर मात्र ‘फ्रॉम मंडे’. ‘सिन्स टू डेज’ आपल्या ऑफिसांत इतकं रुळलंय की कानाला खटकतही नाही. बाहेरच्या कस्टमरला ते लगेच खटकतं.

एका ठिकाणी मराठीच हात देते. ‘ऑन टाइम’ आणि ‘इन टाइम’ यांत गोंधळ झाला की ‘वेळेवर’ आणि ‘वेळेत’ आठवा. गाडी ठरल्या वेळेवर सुटली, ऑन टाइम. आम्ही गाडी सुटायच्या आत, म्हणजे वेळेत पोहोचलो, इन टाइम. ‘वर’ म्हणजे ऑन, ‘त’ म्हणजे इन. आपल्या भाषेत हा भेद इतका स्वच्छ आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

‘शेवटी’ सांभाळून वापरा. ‘ॲट द एंड’च्या मागे बहुतेक वेळा ‘ऑफ’ आणि कशाचा तरी शेवट येतो: महिन्याच्या शेवटी, ‘ॲट द एंड ऑफ द मंथ’. बरीच चर्चा झाली आणि शेवटी जुनाच व्हेंडर ठेवला, तिथे ‘इन द एंड’. ‘ॲट लास्ट’मध्ये वाट पाहून सोडलेला सुस्कारा आहे, आपल्या ‘एकदाचा’सारखा. सप्लायरला ‘मटेरियल हॅज अराइव्ह्ड ॲट लास्ट’ लिहिलंत तर त्याला ‘आला बाबा माल एकदाचा’ असं ऐकू जातं. पुढच्या ऑर्डरलाही तोच माणूस लागणार आहे, हे लक्षात ठेवा.

‘आत्ता’ दोन्ही दिशांना जातो. आत्ताच निघाला, ‘जस्ट नाऊ’. आत्ता पाठवतो, ‘राइट अवे’. आणि ‘सध्या’ म्हणायचं असेल तर ‘ॲट द मोमेंट’. ‘उलट’ आणि ‘दुसरीकडे’ यांतला फरक तुम्हाला मराठीत कळतोच. पहिल्याला ‘ऑन द कॉन्ट्ररी’, दुसऱ्याला ‘ऑन द अदर हँड’.

काही शब्दगट सुटे करून कळतच नाहीत. ‘बाय अँड लार्ज’ म्हणजे एकंदरीत. हा शिडाच्या जहाजांवरचा शब्द. वाऱ्याच्या रोखाला जितकं जवळून जाता येईल तितकं जाणं म्हणजे ‘बाय’, आणि वारा मागून घेत जाणं म्हणजे ‘लार्ज’. दोन्हींत नीट चालणारं जहाज एकंदरीत चांगलं. म्हणून वहीत सुटे शब्दार्थ लिहू नका. आलेल्या मेलमधलं अख्खं वाक्य उतरवा आणि शेजारी ते तुम्ही घरी कसं म्हणाल ते लिहा.

आणि ‘आजच’. आपला ‘च’ आपण ‘टुडे इटसेल्फ’ असा नेतो. भारतात चालतं, बाहेर अडखळतं. त्याऐवजी ‘बाय द एंड ऑफ द डे’ लिहावं, तर दिवस कुणाचा हा प्रश्न उरतो. जर्मनीची घड्याळं हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात, उन्हाळ्यात साडेतीन. आपण कार्ड पंच करून बाहेर पडतो तेव्हा तिकडे नुकतं जेवण आटोपलेलं असतं. मी सरळ ‘बाय सिक्स पीएम इंडिया टाइम’ लिहितो.