कारखान्यात हीटर बसवायला निघालेल्या नव्या वायरमनसाठी

दिवाळी उरकली की नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून हीटरसाठी फोन यायला लागतात. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला पारा पेपरात छापून येतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, आणि रात्रपाळीचे कामगार मालकाच्या मागे लागतात. पोल्ट्रीवाल्यांना तर हीटरशिवाय पर्यायच नसतो. थोडक्यात, कामाला तोटा नाही. आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना हे काम सोपं वाटतं: चार बोल्ट, तीन फेज, एक अर्थिंग. वायरिंग खरंच सोपं आहे. कस लागतो तो जागा ठरवताना.

जागा बघायला जाल तेव्हा शेड बहुधा आवरलेली असते. पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरतात तशी. त्या मोकळ्या जागेवर भरवसा ठेवू नका. सुपरवायझरपेक्षा स्टोअरवाल्याला आणि फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला विचारा: डिस्पॅच अडकला की खोके कुठे लागतात? थिनरचे डबे रात्री कुठे असतात? झाडलोटीचा कचरा कुठल्या कोपऱ्यात जमतो? जळाऊ वस्तूंपासून किती अंतर हवं ते कंपनीच्या मॅन्युअलमध्ये आणि नेमप्लेटवर असतं. समोर, बाजूला, वर आणि मागे यांचे आकडे वेगवेगळे असतात. उचलून हलवता येणाऱ्या साध्या हीटरला सगळीकडून निदान 3 फूट मोकळे, हा सर्वसाधारण नियम. लाल तापणाऱ्या रेडियंट हीटरला समोर त्याहून बरंच जास्त लागतं. हे अंतर आजच्या भिंतीपासून मोजून भागत नाही. मार्चअखेरीला खोक्यांची थप्पी जिथवर येईल तिथपासून मोजा, आणि जमिनीवर पिवळा पट्टा मारून घ्या. पट्ट्याचे पैसे कोटेशनमध्येच धरा, नंतर कोणी देत नाही.

वरही बघा. थर्माकोलचं सिलिंग किंवा पफ पॅनेलची शेड असेल, तर वरून चकचकीत पत्रा दिसला तरी आत फोम आहे हे विसरू नका. अशा ठिकाणी पॅनेलला ब्रॅकेट ठोकू नका. लोखंडी स्ट्रक्चरवरून स्टँड काढा आणि फोर्कलिफ्टचा मास्ट (माल उचलणारा उभा खांब) पूर्ण वर गेला तरी हीटरला लागणार नाही इतकी उंची ठेवा.

पेंट शॉपमध्ये मालक हमखास म्हणतो, "अहो, तिथेच लावा, जॉब लवकर सुकतील." साधा हीटर तिथे लावायचाच नाही, मग तो कितीही लांब असो. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते; जमिनीलगत सरकत ती लांबच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. तिथे एक तर त्या झोनला (ज्वलनशील वाफेच्या धोक्याच्या पट्ट्याला) चालणारं फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली ठिणगी बाहेरची वाफ पेटवू न देणारं उपकरण, नाहीतर गरम हवा दुसऱ्या खोलीत, बाहेरच्या ताज्या हवेवर तयार करून डक्टने आत आणायची. खर्च ऐकून मालक नाराज होतो. होऊ द्या, पण आपण नाही म्हणायचं.

सिन्नर-निफाडकडच्या पोल्ट्रीचा हिशोब निराळा. पिल्लांना पहिल्या आठवड्यात साधारण 32 ते 35 अंश ऊब लागते, म्हणून गॅसचे ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारे हीटर) खाली लोंबतात, आणि खाली असतं भाताचं तूस. ब्रूडर त्याच्या गॅसच्या नळीवर किंवा सुतळीवर कधीच टांगू नका. लोखंडी साखळी लावा आणि पहिली तुटली तर धरायला दुसरी, वेगळ्या हुकाला. गॅसही हवेपेक्षा जड, म्हणून सिलिंडर शेडच्या बाहेर. थंडीत गोणपाटाचे पडदे गच्च बांधायची सवय असते. वर हवा खेळायला फट राहू द्या, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि पिल्लांबरोबर राखणदारालाही धोका. ते पडदेसुद्धा जळाऊच, त्यांचंही अंतर धरा.

आता वीज. 15 किलोवॉटचा थ्री फेज हीटर 415 व्होल्टला जवळजवळ 21 अँपिअर घेतो, आणि तोही तासन्‌तास. त्याला स्वतंत्र 32 चा एमसीबी आणि निदान 6 स्क्वेअर मिमीची तांब्याची केबल. लांबी जास्त असेल किंवा ट्रेमध्ये केबलांची गर्दी असेल तर आणखी जाड. एक्स्टेन्शन बोर्डवर कुठलाच हीटर नको. लग (केबलच्या टोकाची धातूची टोपी) दाबयंत्राने नीट क्रिंप करा आणि काही दिवस चालल्यावर सप्लाय बंद करून टर्मिनल पुन्हा आवळा; तापून-थंड होऊन ते ढिले पडतात, आणि ढिल्या टर्मिनलवरच आग धरते.

चालू केल्यावर हवा कमी आणि हीटर सारखा ट्रिप होत असेल, तर आधी पंख्याची दिशा बघा. दोन फेज उलटे लागले की पंखा उलटा फिरतो. ओव्हरटेंपरेचर कटआउट (जास्त तापल्यावर हीटर बंद करणारा स्विच) बायपास करून "आजची रात्र काढा" असं सांगणारे सीनिअर भेटतील, ऐकू नका. हीटर बंद केल्यावर पंखा थोडा वेळ चालू राहायला हवा, म्हणजे कॉइलमधली उष्णता निघून जाते. ऑपरेटरला तेवढं सांगाच, नाहीतर तो घरी जाताना मेनच पाडतो.

पावसाळ्यानंतरच्या पहिल्या सर्व्हिसिंगला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) बरोबर न्या. एलिमेंटमधली पावडर दमट हवा ओढते आणि इन्सुलेशन उतरतं. इगतपुरीकडच्या कारखान्यांत तर विचारू नका. 500 व्होल्टवर रीडिंग 1 मेगाओमच्या खाली आलं, तर एलिमेंट आधी सुकवा, मग सप्लाय द्या. कॉइलवरची धूळ आणि कापसाचे तंतू व्हॅक्यूमने काढा, नाहीतर पहिल्याच दिवशी जळका वास येऊन सगळे पळतील.

परवान्याचंही लक्षात ठेवा. स्वतःच्या नावावर काम घ्यायचं तर विद्युत ठेकेदाराचा परवाना लागतो. तो मिळेपर्यंत परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली राहा. आणि काम सोपवताना एक कागद करा: जागेचा फोटो, सोडलेली अंतरं, मेगरचा आकडा, खाली मालकाची सही. फेब्रुवारीत कोणी हीटरसमोर खोके लावले, तर तो फोटो दाखवून ते हलवायला सांगता येतं.