प्रोसेस चालू आहे की संपली, हे कसे तपासावे

रात्रीचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट सुरू होताना आपला पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) क्रमांक, एका फाइलीत लिहून ठेवते. पुढच्या खेपेला ती फाइल वाचून आधीची प्रोसेस चालू आहे का ते पाहते आणि चालू असेल तर गुपचूप थांबते. हे उत्तर चुकले की दोन बॅकअप एकाच डेटावर लिहू लागतात. चुकण्याचे कारण बहुधा एकच असते: एरर आली म्हणजे प्रोसेस नाही, असे धरले जाते.

१. आकडा तपासा. फाइलीतला पीआयडी शून्याहून मोठाच हवा. लिनक्स आणि मॅकवर ० म्हणजे आपल्याच गटातल्या प्रोसेस, तर उणे १ म्हणजे सिग्नल (प्रोसेसला दिलेली छोटी सूचना) पाठवायची परवानगी असलेल्या जवळपास सगळ्या. रिकाम्या फाइलीचे शून्य झाले तर ‘आहे’ असे खोटे उत्तर मिळेल.

२. लिनक्स आणि मॅकवर शून्य सिग्नल पाठवा. त्यासाठी ‘किल’ हा सिस्टिम कॉल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेली मागणी, वापरतात. नावाला घाबरू नका. शून्य सिग्नलने काही मरत नाही; कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, फक्त प्रोसेस आहे का आणि तुम्हाला परवानगी आहे का, एवढेच पाहतो. कॉल यशस्वी झाला तर प्रोसेस आहे. ‘ईएसआरसीएच’ एरर आली तर ती नाही. ‘ईपर्म’ आली तर प्रोसेस आहे, पण तुमच्या ताब्यातली नाही. बॅकअप रूटने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरने, सुरू केला असेल आणि तपासणारा साधा युजर असेल, तर नेमकी हीच एरर येते. पायथन ३.३ पासून या दोन्हींसाठी ‘प्रोसेसलुकअपएरर’ आणि ‘पर्मिशनएरर’ असे वेगळे अपवाद आहेत. ते वेगळेच पकडा. शेलमधली (कमांड टाइप करण्याच्या प्रोग्राममधली) किल कमांड मात्र दोन्ही वेळा अपयशच कळवते, म्हणून तिथे ‘पीएस’ या प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या कमांडला पीआयडी देऊन विचारणे बरे.

३. विंडोजवर वेगळा रस्ता घ्या. पायथनमधली वरची युक्ती इथे चालवू नका: विंडोजवर ० हा कंट्रोल-सीच्या घटनेचा आकडा आहे. ‘ओपनप्रोसेस’ने हँडल, म्हणजे त्या प्रोसेसपर्यंत पोहोचण्याचा दुवा, मागा. एरर ८७ आली तर त्या क्रमांकाची प्रोसेस नाही. ५ आली तर आहे, पण परवानगी नाही. हँडल मिळाले तरी थांबा, कारण कुणी हँडल धरून ठेवले असेल तर संपलेली प्रोसेसही उघडता येते. एक्झिट कोड (प्रोसेस संपताना देते तो आकडा) २५९ म्हणजे ‘अजून चालू’ असे मानले जाते, पण एखादा प्रोग्राम स्वतःच २५९ देऊन संपू शकतो. त्यापेक्षा हँडल मागतानाच वाट पाहण्याचा हक्क मागा आणि ‘वेटफॉरसिंगलऑब्जेक्ट’ला शून्य वेळ द्या. २५८ आले तर चालू, ० आले तर संपलेली. शेवटी हँडल बंद करा.

४. ‘आहे’ या उत्तराचीही उलटतपासणी करा. लिनक्स आणि मॅकवर संपलेली प्रोसेस, तिच्या पालक प्रोसेसने दखल घेईपर्यंत, झोंबी म्हणून यादीत राहते आणि शून्य सिग्नलला ‘आहे’ असेच उत्तर येते. ‘पीएस’मध्ये तिच्या स्थितीपुढे झेड दिसतो. दुसरी अडचण मोठी आहे: पीआयडी पुन्हा वापरले जातात, त्यामुळे तोच आकडा उद्या भलत्याच प्रोसेसचा असू शकतो. म्हणून पीआयडीबरोबर सुरू झाल्याची वेळही लिहून ठेवा आणि दोन्ही जुळले तरच विश्वास ठेवा. लिनक्सवर ही वेळ प्रोक फोल्डरमधल्या त्या प्रोसेसच्या ‘स्टॅट’ फाइलीत, २२व्या रकान्यात असते. ती बूटपासून मोजलेली असते, त्यामुळे मशीन रीस्टार्ट झाल्यावर जुनी नोंद रद्द समजा.

स्क्रिप्ट तुमचीच असेल तर माझे स्पष्ट मत आहे की पीआयडीच्या भानगडीत पडूच नये. लिनक्सवर ‘एफलॉक’ने एका फाइलीवर कुलूप लावा. ती फाइल उघडी धरणारी शेवटची प्रोसेस संपली की, मग ती कशीही संपो, कर्नल कुलूप काढतो. मात्र काम झाल्यावर ती फाइल पुसू नका. एक प्रोसेस पुसलेल्या फाइलीवर आणि दुसरी त्याच नावाच्या नव्या फाइलीवर कुलूप लावू शकते, आणि दोघींनाही वाटते की आपण एकट्याच आहोत.