तिशी-चाळिशीत घोडेस्वारी शिकताय? या चुका टाळा

स्वाराच्या बैठकीला मराठीत ‘मांड’ म्हणतात. मोठ्या वयात शिकायला येणाऱ्यांच्या निम्म्या अडचणी या शब्दाचा चुकीचा अर्थ घेतल्याने होतात. पक्की मांड म्हणजे गुडघे आणि मांड्या आवळून घोड्याला धरून ठेवणे, असे त्यांना वाटते. लहान मुले खोगिरावर सैल बसतात. मोठ्या माणसाला पडण्याची भीती असते आणि भीतीने अंग आवळले जाते.

आवळलेला गुडघा चिमट्यासारखा काम करतो. बूड खोगिरावरून वर ढकलले जाते, पायाचा खालचा भाग मागे सरकतो आणि टाच वर येऊन घोड्याच्या कुशीला लागते. घोड्याला शिकवलेले असते की टाच लागली म्हणजे पुढे चालायचे, म्हणून तो वेग वाढवतो. स्वार आणखी घाबरून आणखी आवळतो. ‘घोडा माझे ऐकतच नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. घोडा ऐकतच असतो, पण नको असलेला हुकूम.

यावर उपाय संथ चालीतच करायचा. दोन्ही पाय रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कड्यांतून, काढून मोकळे सोडा आणि अशी पाच मिनिटे फेरी मारा. बसायच्या दोन्ही हाडांवर सारखे वजन येते का, ते बघा. मग रिकीब चवड्याखाली घ्या. बाजूने पाहणाऱ्याला तुमचा कान, खांदा, कंबर आणि टाच एका रेषेत दिसली पाहिजे. शिक्षकांकडे ‘लंज’वरचे धडे आग्रहाने मागा. त्यात शिक्षक लांब दोरीवर घोडा गोल फिरवतात आणि तुमचे हात मोकळे राहतात. असे चार-पाच धडे घेतले की मांड लवकर बसते.

दुसरी मोठी चूक म्हणजे तोल सावरायला लगाम ओढणे. लगामाचे दुसरे टोक घोड्याच्या तोंडातल्या कडीला असते, म्हणजे तुमचा प्रत्येक झोका त्याच्या जिभेवर आणि हिरडीवर बसतो. मग तो डोके वर फेकतो, तोंड उघडतो किंवा कडीवर रेलून ओढू लागतो. तोल गेला तर आयाळ धरा किंवा खोगिराच्या पुढच्या पट्ट्यात बोट अडकवा. थांबवायचे असेल तर श्वास सोडा, खोगिरात जड बसा आणि बोटे मिटा. घोडा थांबला की त्याच क्षणी बोटे सैल करा. तो ताण राहिला तर थांबून काय मिळाले, हे त्याला कळत नाही. घोडा उधळू लागलाच तर दोन्ही हातांनी सरळ मागे ओढत बसण्यापेक्षा त्याला वर्तुळात वळवून ते वर्तुळ हळूहळू लहान करणे जास्त उपयोगी ठरते.

ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडकीत, आदळायला होते का? आधी रिकिबीची लांबी तपासा. जमिनीवर उभे राहून बोटांची टोके रिकिबीच्या पट्ट्याच्या वरच्या बक्कलला लावा. पट्टा हाताखालून ताणला की रिकीब साधारण काखेपर्यंत पोचली पाहिजे. वर बसून पाय सोडल्यावर तिचा तळ घोट्याच्या हाडाशी यावा. दुडकीला दोनच ठोके असतात, म्हणून उठता-बसताना ‘एक-दोन’ मोजा. घोड्याच्या पाठीचा धक्का जेवढा उचलेल तेवढेच उठा, रिकिबीवर उडी मारू नका. वर्तुळात फिरताना घोड्याचा बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे जाईल तेव्हा उठायचे.

माथेरानला किंवा महाबळेश्वरला घोड्यावर बसलात, हा अनुभव शिक्षकांना सांगा, पण तो धड्यांत धरू नका. तिथे दोरी घोडेवाल्याच्या हातात असते आणि वाट घोड्याच्या ओळखीची.

तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा, घोड्यावर चढण्याआधी एकदा आणि पाच-दहा मिनिटे चालल्यावर पुन्हा तपासा. कसताना घोडे पोट फुगवतात, त्यामुळे नंतर तो सैल पडतो आणि खोगीर कुशीकडे घसरते. चढताना ओट्याचा किंवा माउंटिंग ब्लॉकचा आधार घ्या. खोगिराची मागची कड धरून लटकलात की घोड्याच्या पाठीला पीळ बसतो. वजनाचा सर्वसाधारण हिशोब असा: खोगिरासह स्वार घोड्याच्या वजनाच्या सुमारे 20 टक्क्यांच्या आत असावा. 400 किलोच्या घोड्यावर म्हणजे सगळे मिळून 80 किलो. वजन जास्त असेल तर मोठा घोडा मागा, त्यात लाज कसली?

हेल्मेट घोडेस्वारीचेच घ्या, सायकलचे नको. जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदला. बुटाला छोटी, स्पष्ट टाच हवी, नाहीतर पाऊल रिकिबीतून आरपार जाऊन अडकते. जाड शिवणीची जीन्स मांड्या सोलते, जोधपुरी ब्रीचेस घाला. घोडा दोरीने चालवताना ती हाताभोवती कधीही गुंडाळू नका. थेट मागून जवळ जाऊ नका, तिथले त्याला दिसत नाही. बोलत बोलत खांद्याच्या बाजूने जा.

उतरताना डावा पाय रिकिबीत ठेवून उजवा खाली टाकणे ही सर्रास होणारी चूक. त्याच वेळी घोडा हलला तर तुम्ही फरफटत जाल. आधी दोन्ही पाय रिकिबीतून काढा, मगच उतरा. मग रिकिबी वर सरकवा आणि तंग एक-दोन भोके सैल करा. घोडा मोतद्दाराच्या, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याच्या, हातात जाईपर्यंत लगाम सोडू नका.