शाळा, हॉस्पिटल, मदतवाटप: नवीन व्हॉलंटियरसाठी थोडं अनुभवाचं

बरीच वर्षं मी वेगवेगळ्या ग्रुपबरोबर व्हॉलंटियर म्हणून काम करतेय, कधी शाळेत मुलांचं वाचन घ्यायला, कधी हॉस्पिटलच्या ओपीडीत, कधी आपत्तीनंतरच्या मदतवाटपात, आणि हल्ली नवीन येणाऱ्यांना काम समजावून सांगणं हेही माझ्याच गळ्यात पडलंय. नवीन माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला, "मी काय काय करू शकते?" चांगला प्रश्न आहे पण तो दुसऱ्या नंबरचा. पहिला असा की मी आल्याने इथल्या बाईंचं, सिस्टरचं, क्लार्कचं काम कमी होणार की वाढणार? व्हॉलंटियर फुकट असतो असं सगळ्यांना वाटतं पण तसं नसतं हो, त्याला काम दाखवायला, चावी द्यायला, त्याने भरलेला फॉर्म पुन्हा तपासायला कुणाचा तरी वेळ जातो, आणि ज्यांचा जातो ते आधीच घाईत असतात. तुम्ही दोनदा येऊन गायब झालात तर तो वेळ पाण्यात. त्यामुळे उत्साह कमी असला तरी चालेल, पण जेवढं झेपेल तेवढंच बोला आणि बोललात की या. आठवड्यातून एक तास पण दर आठवड्याला, असा माणूस मला सोन्यासारखा वाटतो.

शाळेपासून सुरुवात करते कारण बहुतेक लोक तिथूनच करतात. शाळेत जाऊन मोटिवेशनल भाषण द्यायची हौस भयंकर असते लोकांना, पण शिक्षकांना ते नको असतं (तोंडावर सांगत नाहीत एवढंच). त्यांना हवं असतं ते म्हणजे वर्गातली मागे पडलेली चार-पाच मुलं कुणीतरी घेऊन बसावं, दर वेळी तीच मुलं आणि तोच माणूस. मुलाला एक उतारा मोठ्याने वाचायला द्या, प्रत्येक ओळीत अडखळत असेल तर पुस्तक त्याच्यासाठी अवघड आहे, सोपं घ्या, इयत्ता बघू नका. अडलं की लगेच शब्द सांगून टाकायचा मोह होतो तो आवरा, थोडं थांबलं तर बऱ्याचदा मूल स्वतःच जुळवतं. प्रत्येक चूक पकडू नका, अर्थ बदलत असेल तेवढीच पकडा. वाचून झालं की गोष्टीबद्दल काहीतरी विचारा, ज्याचं उत्तर हो-नाहीत येणार नाही असं. आणि शेवटी बाईंना दोन ओळींत सांगा की आज कोण कुठे अडलं, हे दोन ओळींचं काम ९० टक्के लोक विसरतात असं मी चिडून म्हणते, आकडा मोजलेला नाही, पण बाईंना खरा उपयोग त्याचाच असतो कारण मग त्यांना परत शून्यापासून बघावं लागत नाही.

परीक्षा, स्नेहसंमेलन, सुट्ट्या, यांच्या तारखा आधीच मागून घ्या, नाहीतर तुम्ही पुस्तकं घेऊन दारात आणि मुलं मैदानावर.

आता मुलांच्या सुरक्षिततेचं. पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं तर राग मानू नका, उलट न मागणाऱ्या ठिकाणी मला जरा धास्ती वाटते. एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसायचं नाही, दार उघडं किंवा दुसरं मोठं माणूस दिसेल अशी जागा. मुलाचा फोन नंबर घ्यायचा नाही, आपला द्यायचा नाही, एकालाच गिफ्ट द्यायचं नाही. आणि एखाद्या मुलाने घरी किंवा शाळेत काही वाईट होतंय असं सांगितलं तर "मी कुणाला सांगणार नाही" हे वचन कधीही देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही आणि मग त्याचा विश्वास दुसऱ्यांदा तुटतो. शांतपणे ऐका, खोदून खोदून विचारू नका, सांगितलंस ते चांगलं केलंस एवढं म्हणा, ते जे शब्द वापरेल तेच शब्द लिहून ठेवा आणि त्याच दिवशी शाळेने नेमलेल्या जबाबदार व्यक्तीला सांगा. स्वतः चौकशी करत फिरू नका, त्याने पुढचा सगळा तपास बिघडू शकतो.

हॉस्पिटल वेगळं जग आहे. तिथे पहिली शिकवण हाताची. डब्ल्यूएचओच्या सूचनेप्रमाणे सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळायचं आणि साबण-पाणी असेल तर सगळं धरून ४० ते ६० सेकंद, घरी घड्याळ लावून करून बघा, आपण रोज किती कमी धुतो ते कळेल. सर्दी-ताप असेल तर येऊ नका, इथे सुट्टी घेणं हीच सेवा. दुसरं, पेशंटने पाणी मागितलं तरी सिस्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेलं असेल किंवा गिळायला त्रास असेल, आपल्याला काय माहीत, आणि त्या एका घोटामुळे ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं तर सगळ्या वॉर्डाचं वेळापत्रक कोलमडतं. तसंच बेडवरून उठवायला हात देणं, पेशंट पडला तर दोघांनाही लागतं, ते स्टाफचं काम आहे. व्हीलचेअर ढकलायची परवानगी मिळाली तर आधी दोन्ही ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचला, मग बसवा. असल्या बारीक गोष्टी कुणी शिकवत नाही पण अपघात इथेच होतात.

मग आपण करायचं काय? लाइनीत उभ्या माणसाला कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगणं, फॉर्म भरून देणं, रिपोर्ट कुठे मिळेल ते दाखवणं, आणि नातेवाइकांबरोबर बसणं. हे शेवटचं दिसायला सोपं पण सगळ्यात अवघड. डब्ल्यूएचओने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचारावर एक मार्गदर्शिका काढली, त्यातलं सूत्र तीन शब्दांचं आहे, बघा, ऐका, जोडा. म्हणजे आधी आजूबाजूला धोका आहे का, कुणाला तातडीची गरज आहे का ते बघा, मग ऐका, मग ज्याला जे लागतं त्याच्याशी गाठ घालून द्या, सोशल वर्कर असो, नातेवाईक असो किंवा औषधाची खिडकी. सल्ला देणं त्यात कुठेच नाहीये. "सगळं ठीक होईल" म्हणायचा अधिकार आपल्याला नाही, डॉक्टरसुद्धा असं म्हणत नाहीत. आणि वॉर्डात जे ऐकलं ते वॉर्डातच, घरी येऊन नाव न घेता सांगितलेली गोष्टही ओळखीची निघते.

रक्तदानाबद्दल थोडं, कारण ग्रुप नवीन झाला की पहिलं शिबिर रक्तदानाचंच ठरतं. रक्त साठवून ठेवता येतं पण कायमचं नाही. लाल पेशी कुठल्या द्रावणात ठेवल्यात त्यावर ३५ ते ४२ दिवस टिकतात, आणि प्लेटलेट्स तर साधारण ५ दिवसच. म्हणजे सगळ्या ग्रुपांनी एकाच तारखेला (१४ जून, जागतिक रक्तदाता दिन, रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लँडस्टायनरचा जन्मदिवस) शिबिरं घेतली तर त्या आठवड्यात ब्लड बँक भरून वाहणार आणि काही आठवड्यांनी पुन्हा फोनाफोनी. तारीख आपल्या सोयीने ठरवून बॅनर छापण्याआधी ब्लड बँकेला विचारा की तुमच्याकडे टंचाई कधी असते, बहुतेक वेळा उत्तर लांब सुट्ट्यांचं असतं जेव्हा नेहमीचे दाते बाहेरगावी असतात. गर्दी कमी झाली तरी चालेल.

मदतवाटपात तर "काम वाढवणारी मदत" हा प्रकार डोळ्यांनी दिसतो. २०१२ मध्ये अमेरिकेत न्यूटाउनच्या सँडी हूक शाळेत गोळीबार झाला, २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली, आणि त्यानंतर त्या तीस हजारही वस्ती नसलेल्या गावात जगभरातून ६० हजारांवर टेडी बेअर येऊन पडले. पाठवणाऱ्यांचं प्रेम खरंच होतं, पण ती खोकी ठेवायला गोडाऊन लागलं आणि उघडायला, मोजायला, लावायला माणसं लागली, तीही दुःखात असलेल्या गावात. जुन्या कपड्यांचं दर आपत्तीत हेच होतं. म्हणून वस्तू गोळा करायच्या आधी तिथे काम करणाऱ्या संस्थेकडून यादी घ्या, साइज आणि नगांसकट, आणि यादी नाही म्हणाले तर पैसे द्या. कपडे द्यायचेच तर धुतलेले, गठ्ठा करून वर काय आहे ते लिहिलेलं.

छावणीत काम करायची वेळ आली तर स्फिअर नावाचे मानवतावादी मदतीचे किमान निकष आहेत ते एकदा वाचून जा, माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, २० माणसांमागे १ संडास, असं सगळं आकड्यांत दिलंय. नवीन माणसाला याचा फायदा हा की "इथे फार हाल आहेत" असं म्हणण्यापेक्षा "संडास इतके कमी पडतायत" असं सांगता येतं, आणि समोरचा अधिकारी दुसऱ्या वाक्यावर हलतो. वाटपाच्या वेळी टोकन आधी द्या, म्हातारे आणि गरोदर बायका यांची लाइन वेगळी, आणि काय मिळणार किती मिळणार हे मोठ्या अक्षरांत लावून ठेवा, अर्धी भांडणं तिथेच मिटतात. ओळखीच्याला मागच्या दाराने द्यायचा आग्रह होतोच. रेडक्रॉसने १९६५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत सात तत्त्वं जाहीर केली त्यात मदत फक्त गरज बघून करायची हे एक आहे, मी सरळ ते सांगते, नियम माझा नाहीच म्हटलं की वाद लवकर संपतो. फोटो काढायचा तर विचारून, आणि पाकीट हातात देताना तर नकोच, त्या क्षणी नाही म्हणायची मुभा कुणालाच नसते.

पैसे हातात आले तर मोजायला कायम दोन जण, पावती लगेच, हिशोब ग्रुपवर त्याच आठवड्यात. यावर जास्त बोलत नाही.

थांबायचं असेल तर तसं आधी सांगा, निदान महिनाभर, आणि तुमच्या जागी येणाऱ्याला एक-दोनदा बरोबर घेऊन जा म्हणजे बाईंना पुन्हा पहिल्यापासून शिकवायला नको. मुलांनाही शेवटचा दिवस कोणता ते कळू द्या. कॉलेजच्या तासांसाठी किंवा नोकरीच्या अर्जासाठी सर्टिफिकेट हवं असेल तर लाजू नका, पण शेवटच्या दिवशी मागू नका, सुरुवातीलाच विचारा की कोण देतं आणि हजेरी कुठे लिहायची. त्यावर नुसते तास नको, केलेलं कामही लिहून घ्या, "वाचन गट घेतला" किंवा "ओपीडीत फॉर्म भरायला मदत केली" असं, इंटरव्ह्यूत प्रश्न त्यावरच येतात.